ब्रेकचा आवाज आला की काय करायचं

अपघाताला चार महिने झाले होते. हाड जुळलं, टाके निघाले. लोक म्हणाले, "थोडक्यात वाचलास, आता विसर." आणि मी? लिफ्टचं दार करकरलं तरी भिंतीला चिकटून उभा, शर्ट घामाने ओला. तेव्हा हे मला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून लिहितोय.

हा भित्रेपणा नव्हे. मेंदूतला अमिग्डाला धोका हेरतो आणि आपण विचार करायच्या आत अंगाला पळायला लावतो. त्या गडबडीत घटना सलग नोंदली जात नाही. आवाज, वास, उजेड असे सुटे तुकडे उरतात आणि त्यांवर तारीख नसते. तसाच आवाज पुन्हा आला की शरीराला वाटतं, आत्ताच घडतंय.

म्हणून झटका आला की तारीख घालायची. मी मोठ्याने म्हणतो, "आज मंगळवार. मी दुसऱ्या मजल्यावर आहे. हातात किल्ली आहे." टाचा जमिनीवर दाबतो. चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर. डोळे उघडेच ठेवतो. मिटले की मला ट्रकच दिसायचा. हे बरं वाटत असताना रोज करून ठेवा, ऐनवेळी सुचत नाही.

टाळाटाळीने मला जास्त छळलं. आधी तो रस्ता सोडला, मग गाडी, मग संध्याकाळी बाहेर पडणंच. टाळलं की लगेच हायसं वाटतं, मेख तिथेच आहे. उपचार करणाऱ्या बाईंनी उलटी वाट धरायला लावली: आठवडाभर नुसतं बंद गाडीत बसायचं. मग इंजिन सुरू करून. मग गल्लीच्या टोकापर्यंत. धोका खरंच संपला असेल तरच हे करा. घरात कुणी मारत असेल तर आधी तिथून सुटका, बाकी सगळं नंतर.

पहिले काही आठवडे दचकणं, झोप उडणं बहुतेकांना होतं आणि हळूहळू ओसरतं. महिना उलटूनही तसंच राहिलं तर मानसोपचारतज्ज्ञांना गाठा. जीव द्यावासा वाटला तर एक दिवसही थांबू नका. माझ्या कागदावर 'पीटीएसडी', म्हणजे आघातानंतर मागे राहणारा मानसिक त्रास, असं लिहिलेलं पाहून मी हादरलो होतो. हे नाव अमेरिकेतल्या निदानाच्या पुस्तकात १९८० साली आलं. त्याआधी पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांच्या अशाच हालतीला 'शेल शॉक' म्हणत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये यासाठी दोन उपचार सुचवले: आघातावर बेतलेली सीबीटी (बोलण्यातून विचार आणि वागणं बदलायला शिकवणारा उपचार) आणि ईएमडीआर. दुसऱ्यात घटना आठवताना समोर हलणाऱ्या बोटाकडे बघायचं असतं. पहिल्या दिवशी मला हसूच आलं.

घरच्यांनो, "नक्की काय झालं, सगळं सांग" म्हणून मागे लागू नका. माझा दादा त्या बंद गाडीत शेजारी बसून पेपर वाचायचा. एक शब्द विचारला नाही. तिसऱ्या आठवड्यात मीच सांगायला लागलो.

पावसात मी अजून गाडी काढत नाही. बाई म्हणतात, पुढच्या पावसाळ्यात बघू.