क्लायंटसाठी एडिटर निवडताय? या चुका टाळा

“मी काहीच केलं नाही हो, फक्त फोन नंबर बदलला.” क्लायंटचा फोन या वाक्याने सुरू झाला की मी हातातलं काम बाजूला ठेवून बॅकअपचं फोल्डर उघडतो. बहुतेक वेळा क्लायंट खरं बोलत असतो. गडबड मी, किंवा माझ्या आधी साइट करणाऱ्या कोणीतरी, एडिटर निवडला त्या दिवशीच करून ठेवलेली असते. एडिटर म्हणजे साइटच्या पानावरचा मजकूर क्लायंट जिथे लिहितो, बदलतो तो वर्डसारखा चौकोन.

निवड होते तरी कशी? डेमो उघडायचा, दोन ओळी टाइप करायच्या, एखादा शब्द बोल्ड करून बघायचा, छान दिसलं की बसवायचा. वीस मिनिटांत विषय संपला. डेमोत सगळेच एडिटर गुणी बाळ असतात, कारण तिथला मजकूर त्यांच्याच लोकांनी लिहिलेला असतो. एडिटर दिसतो कसा ते शेवटी बघा. आधी तो डेटाबेसमध्ये काय लिहितो ते बघा.

रिकाम्या पानावर चाचणी घेणं

ही माझी स्वतःची चूक, त्यामुळे सविस्तर सांगतो.

काही वर्षांपूर्वी एका शिक्षणसंस्थेची साइट माझ्याकडे आली. दोनशेच्या आसपास पानं, एडिटर जुनाट, फोनवर धड उघडतही नसे. मी तो काढून एक हलका, देखणा एडिटर बसवला. नवीन पान तयार केलं, दोन परिच्छेद लिहिले, यादी केली, लिंक दिली, सेव्ह केलं. सगळं ठीक. क्लायंटला ‘झालं’ म्हणून कळवून टाकलं.

तीन आठवड्यांनी तिथल्या ऑफिसातल्या बाईंनी प्रवेशाच्या पानावरचा फोन नंबर बदलला आणि सेव्ह केलं. त्या पानावर अभ्यासक्रम, जागा आणि शुल्क यांचा मोठा तक्ता होता. नव्या एडिटरला तक्ता हा प्रकारच माहीत नव्हता. त्याने चौकटी काढून टाकल्या आणि आतले आकडे एकाखाली एक ओतले. कुठला आकडा जागांचा आणि कुठला शुल्काचा, ओळखायची सोय उरली नाही. बाईंनी वरचा नंबर तपासला, तो बरोबर होता, त्या पुढच्या पानाकडे वळल्या. तो नंबर सतरा पानांवर होता.

आम्हाला कळलं अकराव्या दिवशी. बॅकअप राहायचा सात दिवसांचा. मग वेबॅक मशीनवर (साइट्सच्या जुन्या प्रती तिथे जपलेल्या असतात) जेवढी पानं सापडली तेवढी तिथून उचलली, उरलेली संस्थेची छापील माहितीपुस्तिका समोर ठेवून हाताने टाइप केली. दोन रात्री गेल्या. बिल अर्थातच पाठवलं नाही.

एडिटरचं नाव सांगत नाही, कारण दोष त्याचा नव्हता. जुन्या घडणीचे एडिटर ब्राउझरमधल्या एचटीएमएललाच (पान ज्या टॅगांनी लिहिलेलं असतं त्या भाषेलाच) दस्तऐवज मानून त्यावर काम करायचे. सीकेएडिटर ५, क्विल, प्रोझमिरर आणि त्यावर बांधलेला टिपटॅप, मेटाचा लेक्सिकल, हे सगळे वेगळ्या वाटेने जातात. त्यांचा स्वतःचा आतला आराखडा असतो. एचटीएमएल आत घेताना ते या आराखड्यात बसवतात आणि बाहेर काढताना नव्याने लिहितात. आराखड्यात ज्याला जागा नाही, ते दारातच गळून पडतं. एचटीएमएल स्वच्छ राहतं, हा या पद्धतीचा मोठा फायदा. जुनी साइट हातात असेल तर हाच फायदा गळ्याशी येतो. सीकेएडिटर ५ मध्ये अनोळखी टॅग सांभाळून ठेवण्याची सोय आहे, पण ती मुद्दाम चालू करावी लागते. टायनीएमसीई याबाबत बराच उदार आहे. जुनं एचटीएमएल तो पुष्कळसं तसंच ठेवतो, आणि त्यातला कचराही तितक्याच प्रेमाने जपतो.

तेव्हापासून माझा शिरस्ता ठरलेला आहे. साइटवरची सगळ्यांत ओंगळ वीस पानं निवडायची: तक्त्यांची, व्हिडिओ चिकटवलेली, कोणीतरी हाताने क्लास (टॅगला दिलेली सजावटीची नावं) लिहिलेली. ती नव्या एडिटरमध्ये उघडायची, काहीही न बदलता सेव्ह करायची आणि आधीचं व नंतरचं एचटीएमएल शेजारीशेजारी ठेवून फरक बघायचा. तासाभराचं काम आहे. शिवाय प्रत्येक सेव्हच्या वेळी जुनी प्रत वेगळ्या टेबलात ठेवायची. “जागा फुकट जाते” म्हणणाऱ्यांनी एकदा माहितीपुस्तिका टाइप करून पाहावी.

पेस्टची चाचणी न घेणं

क्लायंट तुमच्या एडिटरमध्ये लिहीत नाही, हे आधी मान्य करा. तो वर्डमध्ये लिहितो, गूगल डॉक्समध्ये लिहितो, कोणाच्या तरी ईमेलमधून उचलतो आणि आणून चिकटवतो. म्हणजे एडिटरचं खरं काम पेस्ट हेच. आणि डेमोत नेमकं तेच कोणी करून बघत नाही.

वर्डमधून कॉपी केलं की क्लिपबोर्डवर साध्या मजकुराबरोबर एचटीएमएलही येतं. त्यात ‘एमएसओ’ने सुरू होणारे क्लास आणि स्टाइल, वर्डचे खासगी टॅग, प्रत्येक परिच्छेदाला फॉन्ट आणि मार्जिन असा वऱ्हाडासारखा लवाजमा असतो. बुलेटच्या यादीचं तर विचारू नका. ती यादी म्हणून येतच नाही. प्रत्येक मुद्दा साधा परिच्छेद असतो आणि पुढे ठिपका अक्षरासारखा टाइप केलेला. एडिटरने हे ओळखून खऱ्या यादीचे टॅग लावले नाहीत तर दिसताना यादी दिसते, पण असते भलतंच काहीतरी. काही एडिटरांत वर्डची नीट साफसफाई पैसे मोजूनच मिळते. टायनीएमसीईचं पॉवरपेस्ट हे तसलंच प्लगइन. क्लायंटला अंदाजपत्रक देण्याआधी हे बघा, नंतर तो खर्च तुमच्या खिशातून जातो.

यावर उतावळ्या मंडळींचा आवडता तोडगा म्हणजे एका ओळीचं फिल्टर: सगळ्या स्टाइल उडवा. मीही केलं होतं. तपासलं वर्डच्या फाइलवर, झकास चाललं. मग एका क्लायंटने गूगल डॉक्समधून लेख चिकटवला आणि पहिल्या शब्दापासून शेवटच्या पूर्णविरामापर्यंत सगळा लेख ठळक झाला. झालं असं होतं की गूगल डॉक्समधून येणारा मजकूर अनेकदा आख्खाच्या आख्खा ‘बी’ या ठळकपणाच्या टॅगमध्ये गुंडाळलेला असतो आणि त्याच टॅगवर ‘ठळक करू नका’ अशी स्टाइल असते. माझ्या फिल्टरने स्टाइल उडवली, टॅग ठेवला. असं उलटंसुलटं कोणी का लिहावं, हा प्रश्न मी सोडून दिला आहे.

दुसरा तोडगा, सगळं साध्या मजकुरातच पेस्ट होऊ द्यायचं. हा तर मला आळशीपणाच वाटतो. लिंका जातात, मथळे जातात, तक्ते जातात आणि क्लायंट ते पुन्हा हाताने करत बसतो. चौथ्या पानावर कंटाळून मथळे नुसते ठळक करून मोकळा होतो.

मी परवानगीची यादी ठेवतो: परिच्छेद, दुसऱ्या-तिसऱ्या पातळीचे मथळे, याद्या, ठळक, तिरपं, लिंक, तक्ता, चित्र. बाकी सगळ्याला प्रवेश बंद. आणि यादी पक्की करण्याआधी क्लायंटकडून त्याची रोजच्या कामाची फाइल मागून घेतो. स्वतः बनवलेली चाचणीची फाइल उपयोगाची नाही, कारण आपण यादी करायला यादीचं बटण दाबतो. क्लायंट स्पेसबार दाबतो.

टूलबारवर सगळी बटणं

चाळीस बटणं दिली की क्लायंट खूश होतो, एक दिवस. दुसऱ्या दिवशी जांभळा मथळा, पिवळ्या पट्टीवर लाल अक्षरं आणि चार फॉन्ट. डिझायनरचा फोन मला येतो. फॉन्ट, आकार आणि रंग ही तीन बटणं मी देत नाहीच. “लाल रंग हवाच” असा हट्ट असेल तर ‘महत्त्वाची सूचना’ नावाची एक स्टाइल देतो. ती आज लाल आहे, उद्या साइटचा रंग बदलला तर एका ठिकाणी बदलता येते.

पहिल्या पातळीचा मथळाही यादीतून काढा. तो पानाच्या शीर्षकाचा. ठेवलात तर क्लायंट ‘मोठं अक्षर’ म्हणून पानभर वापरेल.

“एडिटर स्क्रिप्ट काढतो ना, मग झालं”

नाही झालं. कोणी मजकुरातून स्क्रिप्ट, म्हणजे वाचकाच्या ब्राउझरमध्ये चालणारा कोड, घुसवू नये म्हणून सफाई हवी, पण एडिटर चालतो ब्राउझरमध्ये आणि ब्राउझर समोरच्याच्या ताब्यात असतो. त्याने एडिटरला वळसा घालून थेट सर्व्हरला हवं ते एचटीएमएल पाठवलं तर तुमच्या एडिटरला पत्ताही लागत नाही. स्क्रिप्टचा टॅगसुद्धा लागत नाही, न उघडणाऱ्या चित्राला ‘ऑनएरर’ (चित्र उघडलं नाही तर चालणारा कोड) लावलं की पुरतं. सफाई सर्व्हरवर करा. पीएचपीत एचटीएमएल प्युरिफायर आहे, जावास्क्रिप्टमध्ये डॉमप्युरिफाय आहे. स्वतः रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकुरातले नमुने शोधणारं सूत्र) लिहून सफाई करणाऱ्याशी मी वाद घालत नाही, त्याची साइटच घालेल.

“मीच लिहितो की एडिटर!”

दर काही महिन्यांनी कोणी नवखा उत्साहाने दाखवायला येतो: कंटेंटएडिटेबल (पानाचा भाग टाइप करण्याजोगा करणारी ब्राउझरची सोय) लावलं, एक्झेककमांडला (ठळक, तिरपं असे हुकूम बजावणाऱ्या सोयीला) तीन बटणं जोडली, तीस ओळींत एडिटर तयार. कंटेंटएडिटेबल २००० साली इंटरनेट एक्सप्लोरर ५.५ मध्ये आलं आणि तेव्हापासून ब्राउझरांनी त्याचा अर्थ आपापल्या मर्जीने लावला. साधं एंटर घ्या. क्रोम ‘डिव्ह’ घालायचा, एक्सप्लोरर परिच्छेद, आणि फायरफॉक्स आवृत्ती ६० येईपर्यंत नुसती ओळ तोडायचा. एक्झेककमांड तर आता नवीन कामात वापरू नका असंच सांगितलं जातं. जाणत्या लोकांनी त्याला टाळण्यासाठी वर्षानुवर्षं घालवली आहेत. तीस ओळी फेकून द्या आणि तयार एडिटरची कागदपत्रं वाचायला घ्या. कंटाळवाणी आहेत, मान्य.

थोडक्यात उरकतो

चित्रं मजकुरातच बेस६४ करून (म्हणजे अक्षरांत बदलून) कोंबू देऊ नका. आकार तिसऱ्या हिश्श्याने वाढतो, कॅशचा (ब्राउझरने चित्र साठवून पुन्हा वापरण्याचा) फायदा जातो आणि एक फोटो आला की डेटाबेसचा रकाना भरतो. माय-एसक्यूएलच्या ‘टेक्स्ट’ रकान्यात मावतात ६५,५३५ बाइट. जुन्या, ढिल्या सेटिंगवर पुढचा मजकूर फक्त एक इशारा देऊन कापला जातो, आणि तो इशारा कोणी वाचत नाही. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत तीन बाइट खातं, म्हणजे चित्राशिवायही साडेएकवीस हजार चिन्हांच्या आसपास खेळ संपतो. ‘मीडियमटेक्स्ट’ हा मोठा रकाना घ्या.

परवाना वाचा, आणि प्रत्येक मोठ्या आवृत्तीला परत वाचा. टायनीएमसीई ६ एमआयटी या मोकळ्या परवान्यावर होता, २०२४ मध्ये आलेला ७ जीपीएल या जास्त अटींच्या परवान्यावर गेला. सीकेएडिटर ५ जीपीएल किंवा सशुल्क. क्विल, लेक्सिकल, प्रोझमिरर याबाबत मोकळे आहेत.

मेलेला एडिटर निवडू नका. सीकेएडिटर ४ चा आधार जून २०२३ मध्ये संपला, पुढची दुरुस्ती फक्त सशुल्क. त्याची ४.२२.१ ही शेवटची मोफत आवृत्ती एडिटर उघडताच ‘ही आवृत्ती सुरक्षित नाही’ असं स्वतःच क्लायंटला सांगते. मग फोन कोणाला येतो, ते तुम्हीच ओळखा. फेसबुकचं ड्राफ्टजेएसही आता फक्त वाचायला उरलं आहे, तरी जुने लेख बघून लोक ते बसवतातच.

क्लाउडवरून येणारा एडिटर असेल तर त्याची ‘की’ (तो वापरायची किल्ली) कोणाच्या नावावर आहे ते आज ठरवा. तुमच्या खासगी खात्यावर असेल तर क्लायंट सोडून गेल्यावरही तुम्ही त्याच्याशी बांधलेले राहता.

एडिटरजेएससारखे ब्लॉकवाले (परिच्छेद, चित्र असे सुटे तुकडे करणारे) एडिटर मजकूर एचटीएमएलऐवजी जेसन या डेटाच्या मांडणीत साठवतात. तुमच्यानंतर साइट कोण सांभाळणार ते माहीत नसेल तर सोबत तयार एचटीएमएलही ठेवा. पुढच्याची शिवी खावी लागणार नाही.

फोनवर टाइप करून बघा, आणि इंग्रजीत नको. अँड्रॉइडचे कीबोर्ड बरेचदा कुठली कळ दाबली हे सांगतच नाहीत, प्रत्येक वेळी २२९ हा एकच आकडा पाठवतात. कळांवर विसंबलेल्या एडिटरमध्ये मग जोडाक्षर अर्ध्यावर तुटतं किंवा कर्सर उडी मारून मागे जातो.

शब्दांमध्ये न तुटणाऱ्या स्पेस (ज्यांच्यापाशी ओळ मोडत नाही अशा) शिरल्या की फोनवर ओळी पानाबाहेर जातात. सेव्ह करताना त्या साध्या करून घ्या.

आणि लॉगिनची मुदत. क्लायंट दोन तास बसून लेख लिहितो, मध्ये जेवून येतो, सेव्ह दाबतो आणि समोर लॉगिनचं पान. लेख गेला. एडिटरमध्ये आपोआप जतन करण्याची सोय नसेल तर दर वीस सेकंदांनी मसुदा ब्राउझरच्या लोकल स्टोरेजमध्ये टाका आणि पान पुन्हा उघडल्यावर ‘अर्धवट मसुदा आहे, आणू का?’ असं विचारा. पंधरा-वीस ओळींचं काम आहे. इथे मात्र स्वतः लिहिलंत तर माझी हरकत नाही.