पायथॉन: रकमा किती येतील हे ठाऊक नसेल तर

बिलाची बेरीज करणारं फंक्शन लिहायचंय, पण रकमा कधी दोन तर कधी वीस. अशा वेळी पॅरामीटर (फंक्शनला मिळणाऱ्या मूल्यांची नावं) वाढवत बसू नका.

१. फंक्शनच्या व्याख्येत पॅरामीटरच्या नावाआधी तारा (*) द्या: बेरीज(*रकमा). आत सगळ्या रकमांचा एक टपल (न बदलता येणारी यादी) मिळतो, त्यावर लूप फिरवा. (पायथॉन ३ मध्ये अशी देवनागरी नावं खरंच चालतात.)

२. रकमांची यादी आधीच तयार असेल तर कॉल करताना, म्हणजे फंक्शन वापरतानाही तारा हवा: बेरीज(*यादी). तो राहिला की अख्खी यादी एकच रक्कम म्हणून आत जाते.

सांभाळा: ताऱ्याच्या पॅरामीटरनंतर सवलत नावाचा, डीफॉल्ट (न दिल्यास आपोआप धरलं जाणारं मूल्य) असलेला पॅरामीटर ठेवलात, तर कॉलमध्ये त्याचं नाव लिहाच (सवलत=50). नाहीतर सवलतीचे पन्नास रुपये बेरजेत मिळवले जातील आणि एररही येणार नाही.