सोलापुरात माहितीपट महोत्सव आणि खिशातला चिरूट

दिवसभर माहितीपट बघणार असाल तर चिरूट रात्रीवर टाका. मध्यंतर दहा-पंधरा मिनिटांचं, मध्यम चिरुटाला निदान पाऊण तास हवा. घाईत ओढला की तापतो नि कडू लागतो. सभागृहात तर नाहीच. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याने २०० रुपयांपर्यंत दंड आहे.

खरी अडचण सोलापूरच्या उन्हाळ्याची. कोरड्या हवेत वरचं पान तडकतं. घट्ट झाकणाच्या डब्यात आर्द्रता ६५ ते ७० टक्के राखा. त्यासाठी आत ठेवलेला ओला स्पंज पानाला टेकला तर बुरशी धरते. उन्हातल्या गाडीत डबा विसरू नका.

इथली तंबाखू मात्र विडीची. विडी कामगार बायकांवरचा माहितीपट लागलाच तर हातांकडे बघा: भिजवलेलं तेंदूपान मापाने कातरणं, चिमूटभर तंबाखू पसरून वळणं, टोक दुमडून दोरा बांधणं. मजुरी हजार विड्यांच्या हिशोबाने.