एरिया सेफ आहे काय ओ?

दरवर्षी जानेवारीत कोल्हापूरला आलो की मंगळवार पेठेत आमच्या घरी दोन-चार पोरं आईबापासकट येऊन बसतात. कोणी जानेवारीच्या बॅचला इंग्लंडात लेस्टरला शिकायला निघालेलं असतं, कोणी सप्टेंबरात जाऊन नाताळच्या सुट्टीला परत आलेलं. कोर्सचं, नोकरीचं कोण विचारत नाही, चहा संपायच्या आत आई विचारते, एरिया सेफ आहे काय ओ? मी 2008 ला तिकडं गेलो तेव्हा सांगणारे भरपूर होते पण सगळे भलतंच सांगत होते, म्हणून एकदाच सगळं टाइप करून ठेवतो.

पहिली गोष्ट, आपल्याला भीती वाटते ती सामसुमीची. रात्री गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण दूध प्यायला माणसं उभी असतात, रंकाळ्यावर भेळेच्या गाड्या चालू असतात, तालमीच्या कट्ट्यावर कोण ना कोण बसलेलं असतं आणि तुम्ही कुणाचे कोण हे त्याला बरोबर माहीत असतं. तिकडं नोव्हेंबर संपत आला की दुपारी चारला सूर्य बुडतो, सहाला गल्ली चिडीचूप, खिडक्यांना पडदे, आणि कोपऱ्यावर चिकनच्या दुकानाबाहेर हुडी घातलेली पाच-सहा पोरं. मी पहिले दोन महिने ती पोरं दिसली की रस्ता ओलांडायचो. नंतर कळलं, बिचारी बसची वाट बघत असायची. शाहू स्टेडियमवर पेठांची हमरीतुमरीची फुटबॉल मॅच बघत वाढलेला माणूस मी, आणि घाबरतोय कुणाला!

पण म्हणून डोळे झाकून खोली घेऊ नका. जून-जुलैत रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, तेव्हा सगळंच छान दिसतं. अंधार पडल्यावर बसस्टॉपपासून दारापर्यंत एकदा चालत जा, आणि घराच्या पाठीमागची बोळ बघा. तिकडच्या जुन्या ओळीच्या घरांना मागनं अरुंद बोळ असते, कचऱ्याचे डबे तिथंच, दिवा बऱ्याचदा नसतोच. पुढचा रस्ता कसा का असेना, बोळीला कुलूपवालं फाटक आहे का ते बघा. पोलिसांची साइट आहे, पोलीस डॉट यूके, पिनकोडसारखा पोस्टकोड टाकला की महिन्यावार गुन्ह्यांचा नकाशा येतो. तो बघून आया रडकुंडीला येतात. अहो, नकाशातला ठिपका नेमका त्या घरावर नसतो, जवळपास कुठंतरी टाकलेला असतो, आणि 'हिंसा' म्हणून जो मोठा आकडा दिसतो त्यात धमकी, छळ, किरकोळ झोंबाझोंबी सगळं धरलेलं असतं. सुपरमार्केटजवळ ठिपक्यांचा ढीग दिसला तर त्यातले बरेचसे दुकानातून चॉकलेट नाहीतर दारू उचलून पळणाऱ्यांचे असतात.

आणि आपल्या जुन्या लोकांचं ऐकताना जरा जपून. वीस वर्षं झालेले काका-काकू 'तो एरिया खराब आहे' म्हणतात तेव्हा बऱ्याचदा त्याचा अर्थ तिथं आपली माणसं कमी, बाकीची जास्त, एवढाच असतो. माझ्या सगळ्यात बेकार घरमालकाचं मराठी एकदम शुद्ध होतं.

आता मुख्य विषय. दार.

आपल्याकडं दार ओढून घेतलं की लॅच बसतं, विषय संपला. तिकडच्या पांढऱ्या प्लॅस्टिकच्या दारांना, विशेषतः मागच्या दाराला, आत-बाहेर दोन्हीकडं हँडल असतं. दार लावून हँडल वर उचलायचं, मग किल्ली फिरवायची. किल्ली फिरवली नाही तर बाहेरनं कुणीही हँडल दाबून आत येतो. हे मला तीन वर्षं माहीत नव्हतं, आणि कुणी सांगितलं नाही कारण तिथल्या माणसाला हे सांगायची गोष्ट आहे असंच वाटत नाही.

2011 च्या दिवाळीतला शनिवार. आम्ही मंडळाच्या फराळाला हॉलवर गेलो, बायकोनं माझ्या आईचा सोन्याचा कोल्हापुरी साज घातलेला फोटो आदल्या आठवड्यातच फेसबुकवर टाकलेला, आणि त्या दिवशी पाऊस म्हणून साज घरीच ठेवलेला. कुठं? तांदळाच्या डब्यात. हुशारी! रात्री दहाला आलो तर किचनभर तांदूळ. दिवा लावला तर पायाखाली करकर वाजले, डबा पालथा सिंकजवळ, मागचं दार नुसतं लोटलेलं. टीव्हीला, लॅपटॉपला हात नाही लावलेला. पोलीस दुसऱ्या दिवशी आला, पोरगेलासा होता, तांदूळ बघून म्हणाला, चोर आशियाई घरात शिरले की आधी किचनच बघतात, दिवाळीच्या सुमाराला तर ठरलेलंच. एक गुन्हा नंबर दिला आणि गेला. इन्शुरन्सवाल्यांनी तीन गोष्टी विचारल्या: दार फोडल्याची खूण आहे का, पावती आहे का, आणि एका वस्तूमागे जी मर्यादा असते त्याच्यावरचा दागिना आधी कळवला होता का. तिन्हीचं उत्तर नाही. आजीनं गुजरीतल्या सराफाकडं करून घेतलेल्या साजाची पावती कोण ठेवतंय? 21 पानांतला मासा झिजून गुळगुळीत झाला होता, आई लहानपणी मला तो चोखायला द्यायची. दमडी मिळाली नाही.

तेव्हा: किल्ली फिरवा. रात्री वर झोपायला जाताना पण फिरवा. किल्ली दाराजवळच्या हुकावर लटकवू नका. सोनं नेऊच नका, नेलंच तर वजनासकट फोटो काढून विमेवाल्यांना आधी कळवा. फोटो टाकायची हौस असेल तर कोल्हापूरला आल्यावर टाका.

पोरींसाठी वेगळं एक. बॅगेत पेपर स्प्रे नेऊ नका. आई प्रेमानं देते, पण ब्रिटनमध्ये तो बेकायदा हत्यारात धरतात, नुसता जवळ सापडला तरी गुन्हा. किंचाळणारा छोटा अलार्म मिळतो तो चालतो. कुणी अंगावर येतंय असं वाटलं तर पोलिसांना 999 लावा, होऊन गेलेल्या गोष्टीला 101. मोबाइल फुटपाथच्या कडेला धरून चालू नका, सायकलवरनं ओढून नेतात. स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबून येणारा फोनचा ओळख नंबर (आयएमईआय) लिहून ठेवा.

रूम बघायच्या आधी डिपॉझिट पाठवू नका. 'तुझ्या खात्यावर पैसे येतील, थोडे ठेव, बाकी पुढं पाठव' म्हणणारा मित्र, मग तो कोल्हापूरचा का असेना, त्याचा नंबर ब्लॉक करा. ते मनी लाँडरिंग असतं, खातं जातंच, वर 14 वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद आहे. होम ऑफिसच्या, म्हणजे व्हिसा बघणाऱ्या सरकारी खात्याच्या नावानं कुणी पैसे मागितले तर फोन ठेवून द्या.

व्हॉट्सअ‍ॅपचं काय सांगू. 2022 ला लेस्टरात राडा झाला त्यावेळी पोरगी पळवायचा प्रयत्न झाला म्हणून मेसेज फिरला, पोलिसांनी तपासून असं काही घडलंच नाही म्हणून सांगितलं, तोपर्यंत आमच्या गल्लीतले लोक आठ दिवस पोरांना सोडायला-आणायला सुट्ट्या काढत होते. पुढच्याच जूनमध्ये इथं कोल्हापुरात गडबड होऊन इंटरनेट बंद झालं तेव्हा मी तिकडं, आईला व्हॉट्सअ‍ॅप कॉल लागेना, हातपाय गार. साधा फोन लावला तर आई म्हणाली, आमटी करत्ये, नंतर कर. लांबनं कुठलाही गाव पेटलेलाच दिसतो.

शेजारच्या म्हातारीशी ओळख करा, चकल्या द्या. पडद्याआडनं सगळं बघते ती.

परवा एका पोरीच्या आईला हे सगळं तासभर सांगितलं, साजाचं तर दोनदा. मान डोलवत होत्या. चप्पल घालता घालता हळूच म्हणाल्या, "मग भाऊ, निदान पाटल्या नेऊ दे काय तिला?"