गुळवेल: कांडी लावण्याआधी वेल ओळखा

मृगाचा पाऊस होऊन जमीन ओलावली की गुळवेल लावायला घ्या. जून-जुलैत फुटवा चांगला येतो.

गुळवेलीचं एक नाव छिन्नरुहा, म्हणजे तोडली तरी वाढणारी. कापून फांदीवर टाकलेली वेलही दोऱ्यासारखी मुळं खाली सोडत जगते. पण तिच्यासारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीही अशाच फुटतात, म्हणून बेण्यातच चूक झाली तर ती काढणीपर्यंत कळत नाही. खरी गुळवेल अशी ओळखा: पान हृदयाच्या आकाराचं, गुळगुळीत, बिनलवीचं. खोडावरची साल कागदासारखी पातळ सुटते आणि नखाने खरवडलं की खाली हिरवं दिसतं. आडवा काप घेतला तर चाकाच्या आऱ्यांसारख्या रेषा दिसतात. खोडभर चामखिळींसारखे दाट फोड असतील तर ते बेणं घेऊ नका. ती वेगळी जात आहे आणि तिचे दुष्परिणाम होऊ शकतात.

कांडी १५ ते २० सें.मी. लांब, दोन डोळ्यांची घ्या. खालचं टोक तिरकं, वरचं सरळ कापा, म्हणजे लावताना उलटसुलट होत नाही. उलटी लावलेली कांडी बहुतेक वाया जाते. कापल्यापासून चोवीस तासांत लावा. अंतर ३ बाय ३ मीटर ठेवा. पाणी साचलं की कांडी बुडातून कुजते, म्हणून उंचवट्यावरच लावा. आधाराला कडुनिंब उत्तम. काजऱ्यासारख्या विषारी झाडावर वेल चढवू नका, ती औषधाला घेत नाहीत.

औषध खोडात असतं. २.५ सें.मी.पेक्षा जाड झालेलं खोड पावसाळ्यानंतर कापा, बुंधा राखा, तो पुन्हा फुटतो. तुकडे लहान करून सावलीत पातळ पसरून वाळवा. जाड तुकड्यांना आतून बुरशी धरते आणि सगळा माल जातो. सत्त्व काढायचं असेल तर मात्र ओलंच खोड लागतं: साल काढून ठेचा, रात्रभर पाण्यात ठेवा, चोळून गाळा, तळाशी बसलेला पांढरा साका वाळवा.

आयुर्वेदात गुळवेल ताप आणि मधुमेहात वापरतात. चूर्णाची मात्रा दिवसाला ३ ते ६ ग्रॅम. मधुमेहाच्या गोळ्या सुरू असतील तर साखर जास्त उतरू शकते. यकृताचा किंवा संधिवातासारखा स्वप्रतिरक्षेचा (शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटण्याचा) आजार असलेल्यांनी, तसंच गर्भवतींनी वैद्यांना विचारल्याशिवाय ती घेऊ नये. घरची वेल असली तरीही.