ट्रॅव्हल ट्रेलरमधले जुने स्पीकर कसे बदलावेत

अमेरिकेत काही वर्षं वापरलेला ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढून न्यायचं चाकांवरचं घर, घेतला, की त्याच्या छतातले स्पीकर बहुधा थकलेले निघतात. बातम्या ऐकू येतात, पण ढोलकीची थाप पडली की नुसती खरखर. कारखान्यात बसवलेल्या या स्पीकरचं चुंबक हलकं आणि पडदा बहुतेकदा कागदाचा असतो. उन्हाळ्यात छताखाली साठणारी उष्णता आणि हिवाळ्यातली गोठवणारी थंडी यांनी पडद्याभोवतीची फोमची किनार तडकते.

चांगली नवी जोडी साधारण ३० ते ८० डॉलरला मिळते आणि चार स्पीकरचं काम एका दिवसात आटोपतं. मोटारीच्या दारातले स्पीकर ज्यांनी बदलले आहेत, त्यांनाही इथे काही गोष्टी नव्याने शिकाव्या लागतात. ट्रेलरच्या छताला आतून जेमतेम ३ मिलिमीटरचा प्लाय असतो, त्यावर थोडी पोकळी आणि लगेच वरचं छप्पर. बाहेरच्या भिंतीतला स्पीकर तर पावसाला आत यायची वाटच असते. म्हणून आवाजाचा विचार करण्याआधी मापं आणि पाणी यांचा विचार करावा.

दोष स्पीकरचाच आहे का?

ट्रेलरच्या स्टीरिओला सहसा दोन किंवा तीन झोन असतात: आतला, बाहेरचा आणि काहींत बेडरूमचा. स्पीकर मुका झाला असेल तर आधी झोनचं बटण बघा, मग बॅलन्स (डावा-उजवा आवाज) आणि फेडर (पुढचा-मागचा आवाज). तिथे सगळं ठीक असेल तर स्टीरिओ बंद करून जाळी आणि स्क्रू काढा, स्पीकर खाली ओढा आणि त्याच्या दोन्ही वायर सोडवा. आता साधा दीड व्होल्टचा पेन्सिल सेल त्याच्या टोकांना क्षणभर टेकवा. ‘टक्’ असा आवाज आला आणि पडदा किंचित हलला, तर आतली कॉइल जिवंत आहे आणि दोष वायरीत किंवा स्टीरिओत शोधायला हवा. सेल धरून ठेवू नका, कॉइल तापते.

मल्टिमीटर असेल तर रेझिस्टन्सही मोजून लिहून ठेवा. ४ ओहमचा स्पीकर मीटरवर साधारण ३.२ ते ३.८ दाखवतो, ८ ओहमचा ६ ते ७.५. काहीच आकडा आला नाही तर कॉइल जळली आहे.

आवाज वाढवला की सगळे स्पीकर एकदम बंद होतात आणि थोड्या वेळाने पुन्हा सुरू होतात, अशी तक्रार असेल तर नवे स्पीकर घेऊ नका. तेव्हा स्टीरिओ स्वतःला वाचवत असतो. एखादी वायर ॲल्युमिनियमच्या सांगाड्याला टेकलेली असते, किंवा एका चॅनेलवर, म्हणजे स्टीरिओतून निघणाऱ्या वायरींच्या एका जोडीवर, जास्त स्पीकर जोडलेले असतात.

वीज पूर्ण तोडा

आधी कॅम्पग्राउंडच्या खांबावरून ट्रेलरला वीज देणारी केबल काढा, मग बॅटरीची निगेटिव्ह वायर. फक्त बॅटरी सोडवून भागत नाही. बाहेरची केबल जोडलेली असेल, तर कन्व्हर्टर (बाहेरच्या विजेतून १२ व्होल्ट बनवणारा डबा) १२ व्होल्ट चालू ठेवतोच. छतावर सोलर पॅनेल असेल तर त्याचं कनेक्शनही तोडा. स्टीरिओचं बटण बंद असलं तरी घड्याळ आणि स्टेशनं लक्षात ठेवणारी त्याची एक वायर चालूच असते, हे विसरू नका.

जुना स्पीकर काढणं आणि मापं घेणं

जाळी प्लॅस्टिकच्या चपट्या पट्टीने कडेकडेने उचलावी. स्क्रूड्रायव्हरने उचकटली तर छताच्या नरम वॉलपेपरवर कायमचा वळ उमटतो. जाळीखाली सहसा चार स्क्रू असतात आणि अमेरिकी ट्रेलरमध्ये ते बहुतेक चौकोनी खाचेचे असतात. त्यांना २ नंबरचा स्क्वेअर बिट लागतो. फिलिप्सने, म्हणजे फुलीच्या टोकाने, प्रयत्न केलात तर खाच मारली जाते. शेवटचा स्क्रू काढताना स्पीकर हाताने धरा. वायर आखूड असते आणि एकदा सुटलेलं टोक छताच्या पोकळीत गेलं, की ते शोधण्यात तास जातो. म्हणून वायर सोडवण्याआधी फोटो काढा, कुठली वायर कुठल्या टोकाला होती ते मास्किंग टेपवर लिहून त्या वायरीला लावा आणि दोन्ही टोकं टेपनेच छताला चिकटवून ठेवा. वरून ग्लासवूलचा भुगा डोळ्यांत पडतो, तेव्हा चष्मा, मास्क आणि हातमोजे हवेतच.

आता तीन मापं घ्या. पहिलं भोकाचा व्यास, दुसरं समोरासमोरच्या स्क्रूंमधलं अंतर आणि तिसरं खोली. सगळ्यांत जास्त फसवणारं माप खोलीचंच आहे. स्टीलची पट्टी भोकातून सरळ वर घालून छताच्या आतल्या पृष्ठभागापासून वरच्या पहिल्या अडथळ्यापर्यंतचं अंतर मोजा. ते चार ठिकाणी मोजा, कारण बाजूला लाकडी आडवी पट्टी, वायरींचा जुडगा किंवा एसीचा डक्ट असू शकतो. सर्वांत कमी आलेल्या मापातून १० मिलिमीटर वजा करा आणि त्याहून उथळ बसणारा स्पीकरच घ्या. चुंबकाची पाठ छपराला टेकली, तर प्रत्येक खड्ड्यात ती छपराला आतून घासते.

खोक्यावर ‘सव्वापाच इंच’ लिहिलं आहे एवढ्यावर विसंबू नका. दोन कंपन्यांच्या सव्वापाच इंची स्पीकरना लागणारी भोकं वेगळी असतात. नव्या स्पीकरची कड जुनं भोक पूर्ण झाकते का, हे भोकाच्या व्यासाशी ताडून बघा. भोक थोडं लहान पडलं तर वाढवता येतं, मोठं असलं तर मात्र रिंग लावावी लागते.

काय विकत घ्यावं

ट्रेलरसाठी आतही बोटींसाठी बनवलेले मरीन स्पीकर घेणं हिताचं आहे. पॉलिप्रॉपिलीनचा पडदा आणि रबरी किनार दमट हवेत आणि उन्हात टिकते. बाहेरच्या स्पीकरबाबत तर दुसरा विचारच नको.

वॅटच्या मोठ्या आकड्यांना भुलू नका. स्टीरिओवर ‘४ × ५०’ छापलेलं असलं तरी सलग मिळणारी ताकद प्रत्येक चॅनेलला साधारण १५ ते २० वॅटच असते. अशा वेळी कामाचा आकडा संवेदनशीलतेचा, म्हणजे एका वॅटला किती डेसिबल आवाज मिळतो त्याचा. ९० डेसिबलच्या स्पीकरला जेवढी ताकद लागते, तेवढाच आवाज काढायला ८७ डेसिबलच्या स्पीकरला दुप्पट लागते. ९० किंवा त्याहून जास्त असलेला निवडा.

ओहमचा हिशोब चुकला तर स्टीरिओ जातो. त्याच्या मागच्या लेबलवर किमान किती ओहम चालतात ते वाचा. एकाच स्पीकरपाशी चार वायर आलेल्या दिसल्या, तर त्यातल्या दोन बहुधा पुढच्या स्पीकरकडे जातात, म्हणजे एका चॅनेलवर दोन स्पीकर समांतर जोडलेले आहेत. तिथे ८ ओहमचे दोन मिळून ४ होतात. त्यांच्या जागी ४ ओहमचे दोन घातले तर २ होतात आणि स्टीरिओ तापून बंद पडतो. अशा जागी ८ ओहमचेच घ्यावेत.

जोडणी

पॉझिटिव्ह-निगेटिव्ह उलटं झालं तर स्पीकर वाजतो, पण एक पडदा बाहेर येताना दुसरा आत जातो आणि खर्जाचा आवाज एकमेकांत विरून जातो. नवा स्पीकर चांगला नाही असं वाटतं ते अनेकदा यामुळेच. नव्या स्पीकरच्या दोन टोकांपैकी रुंद पट्टी सहसा पॉझिटिव्ह असते. वायरींपैकी काळी रेघ असलेली बहुधा निगेटिव्ह, पण ट्रेलर बनवताना रंगाचा नियम नेहमी पाळलेला नसतो. शंका आली तर जुन्या स्पीकरवर पेन्सिल सेल पुन्हा क्षणभर लावा. पडदा बाहेर आला, की सेलचं पॉझिटिव्ह ज्या टोकाला होतं तेच स्पीकरचं पॉझिटिव्ह. टेपवरच्या खुणेवरून त्या टोकाची वायर ओळखता येते.

वायर ८ मिलिमीटर सोलून तिला क्रिंपचा (पकडीने दाबून बसवायचा) टर्मिनल लावा आणि ओढून बघा. पीळ देऊन बसवायच्या प्लॅस्टिकच्या टोप्या घरात चालतात. ट्रेलर रस्त्यावर सतत थरथरतो, तिथे त्या हळूहळू सैल होतात. बाहेरच्या जोडाला आतून गोंद असलेली हीट श्रिंक (तापवली की आवळून बसणारी) नळी चढवा.

चारही स्पीकरच्या निगेटिव्ह वायर एकत्र बांधण्याचा किंवा चॅसीला लावण्याचा मोह टाळा. आजच्या स्टीरिओत प्रत्येक चॅनेलची निगेटिव्ह वायरही वेगळी चालते आणि ती एकत्र आली की ॲम्प्लिफायर जळू शकतो. बाहेरच्या काही जुन्या स्पीकरभोवती निळा दिवा असतो. त्याच्या दोन वायर १२ व्होल्टच्या असतात. त्या नव्या स्पीकरला जोडू नका, दोन्ही टोकं वेगवेगळी बंद करून ठेवा.

छतात बसवणं

३ मिलिमीटरच्या प्लायमध्ये स्क्रूला पकड नसते. जुना हलका स्पीकर टिकला म्हणून नवा, जड चुंबकाचा टिकेलच असं नाही. १२ मिलिमीटर प्लायची रिंग कापावी. आतला व्यास स्पीकरच्या भोकाएवढा, बाहेरचा त्याहून ५० मिलिमीटर मोठा. ती मधून दोन तुकडे करून भोकातून वर सरकवा, पॉलियुरेथेन गोंद लावून क्लॅम्पने रात्रभर दाबून ठेवा. खोली कमी पडत असेल तर तीच रिंग अखंड ठेवून रंगवा आणि खालच्या बाजूने लावा. १२ मिलिमीटर खोली आपोआप वाढते. मात्र तिला गोंदाच्या जोडीने छताच्या लाकडी पट्टीत निदान दोन स्क्रू मिळायला हवेत.

स्क्रूच्या लांबीत चूक झाली तर ती थेट छपरात जाते. रिंग वर असेल तर १६ मिलिमीटरचे स्क्रू पुरतात. आधी बारीक भोक पाडा, ड्रिलच्या बिटाला मापावर टेप गुंडाळा आणि स्क्रू हातानेच आवळा.

कडेखाली फोमची पातळ पट्टी लावली की खडखड जाते. पोकळीतली ग्लासवूल चुंबकावरून बाजूला सारा. स्लाइड-आउट (थांबल्यावर बाहेर सरकणारा खोलीचा भाग) असलेल्या ट्रेलरमध्ये नव्या जाळीची उंचीही बघा, स्लाइड आत येताना ती छताजवळूनच सरकते.

बाहेरची भिंत

जुना स्पीकर काढल्यावर भोकाभोवतीची भिंत अंगठ्याने दाबत एक फेरी मारा. ती कडक लागायला हवी. फायबरग्लासचा पत्रा दबला, आत पोकळ किंवा ओलसर वाटला, तर पाणी आधीच शिरलं आहे. मागचा प्लाय सुटून भिंत फुगू लागते आणि ती दुरुस्ती स्पीकरच्या किमतीच्या कितीतरी पट महाग असते. तिथे नवा स्पीकर लावू नका, आधी भिंत वाळवून दुरुस्त करून घ्या.

भिंत ठीक असेल तर जुनं सीलंट प्लॅस्टिकच्या पट्टीने पूर्ण खरवडा आणि अल्कोहोलने पुसा. स्पीकरच्या कडेमागे ब्यूटाइल टेपचा (पाणी अडवणारी मऊ, चिकट पट्टी) सलग वेढा द्या, स्क्रूच्या भोकांवरूनही. स्क्रू आळीपाळीने, समोरासमोरचे घ्या. टेप सगळीकडून सारखी बाहेर डोकावली की थांबा. जास्तीची टेप कापून वरच्या आणि दोन्ही बाजूंच्या कडेला बाहेरच्या कामाचं सीलंट ओढा. खालची कड मोकळी सोडा, म्हणजे चुकून शिरलेलं पाणी निघून जाईल. सिलिकॉन वापरू नका. ते सुटतं तेव्हा मागे असा थर ठेवतं, की त्यावर पुढे काहीच चिकटत नाही. बाहेरचं दार पूर्ण उघडून भिंतीला लावून बघा, जाड जाळी दाराच्या हँडलवर आपटू शकते.

चालू करून बघा

बॅटरी जोडा, आवाज कमी ठेवा आणि बॅलन्स-फेडरने एकेक स्पीकर वेगळा ऐका. मग दोन्ही बाजू एकत्र करा. खर्ज वाढायच्या ऐवजी घटला तर एका स्पीकरच्या वायर उलट्या आहेत. अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानांत ५० फुटांवर ६० डेसिबलची मर्यादा आहे, ती बाहेरच्या नव्या स्पीकरने सहज ओलांडली जाते. आवाज कुठवर न्यायचा हे तिथे जाण्याआधीच ठरवा.

पहिल्या दीडेकशे किलोमीटरनंतर सगळे स्क्रू पुन्हा तपासा. पहिल्या मोठ्या पावसानंतर बाहेरच्या स्पीकरमागची आतली भिंत हाताने चाचपून बघा.