उपासनेत साक्ष देताना गौरव देवाकडे कसे जाईल

आजारातून उठल्यावर, नोकरी लागल्यावर किंवा बाळंतपण सुखरूप पार पडल्यावर चर्चच्या मंडळीपुढे उभे राहून साक्ष देण्याची, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केले ते सांगण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. अडचण अशी की, बोलणाऱ्याच्या मनात देवाची स्तुती असते आणि ऐकणारे घरी जाताना बोलणाऱ्याचेच गुण गात जातात. शेवटी ‘प्रभूचे गौरव असो’ असे म्हटल्याने हे टळत नाही. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या 18 व्या अध्यायातला परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथातला माणूस, प्रार्थनेत देवाचे आभारच मानतो; मात्र ती प्रार्थना आठवड्यातले दोन उपास, उत्पन्नाचा दशांश आणि आपण तिथेच प्रार्थनेला आलेल्या जकातदारासारखे नाही याचे समाधान, एवढ्यातच संपते. म्हणून आभाराचे शब्द आले की नाहीत यापेक्षा हकिगतीत करणारा कोण आहे, हे आधी तपासावे.

त्यासाठी साक्ष कागदावर लिहून काढावी आणि एकेक वाक्य पाहावे. ‘मी पहाटे चारला उठून प्रार्थना केली, उपास धरला, विश्वास ढळू दिला नाही, म्हणून देवाने माझे ऐकले’ या वाक्यात देव केवळ मजुरी चुकती करणारा उरतो. त्याच आजारपणाविषयी, तसे खरोखर घडले असेल तर, असेही सांगता येते: ‘ऑपरेशनच्या आदल्या रात्री मला प्रार्थनाही सुचेना, शेजारच्या खाटेवरच्या बाईंच्या मुलीने माझ्यासाठी स्तोत्र वाचले आणि मला झोप लागली.’ दुसऱ्या वाक्यातही बोलणारा आहेच, पण घेणारा म्हणून आहे. ‘मी’ सरसकट खोडून टाकला तर साक्षीचे प्रवचन होते, आणि ते काम पाळकांचे आहे.

याचा अर्थ कष्ट लपवावेत असा नाही. 1 करिंथ 15:10 मध्ये प्रेषित पौल आपण इतर सर्वांपेक्षा अधिक श्रम केल्याचे सरळ सांगतो आणि लगेच ते श्रम आपले नव्हेत, आपल्याबरोबर असलेल्या देवाच्या कृपेचे आहेत, असे म्हणतो. रात्र रात्र जागून अभ्यास केला असेल तर तसे सांगावे. ‘मी काहीच केले नाही’ हे खोटे बोलणे नम्रता ठरत नाही. तीच गोष्ट डॉक्टरांची. ‘डॉक्टरांनी हात टेकले होते’ हे वाक्य आपल्या साक्षींत इतके रुळले आहे की, डॉक्टरांनी शेवटपर्यंत नेटाने उपचार केलेले असले तरी ते येतेच. देवाचे गौरव वाढवण्यासाठी आजार वाढवून सांगू नये, आणि उपचार करणाऱ्यांचे आभार मानल्याने देवाच्या वाट्याचे काही कमी होत नाही. पूर्वायुष्यातले व्यसन सांगायचे झाल्यास एका वाक्यात सांगावे, नाहीतर ती पराक्रमाची कथा होते.

लिहिलेले आधी घरात वाचून दाखवावे. गरसेकरांच्या प्रदेशात बऱ्या झालेल्या माणसाला येशूने प्रथम स्वतःच्या घरी, आपल्या लोकांकडे पाठवले (मार्क 5:19). आपले खरे वागणे घरच्यांना ठाऊक असते, त्यामुळे कुठल्या वाक्याला त्यांच्या भुवया उंचावतात ते बघावे.

साक्षीनंतर दारात कौतुक होतेच. ‘छे छे, मी कसला!’ असे म्हटले की कौतुक दुप्पट होते; त्यापेक्षा ‘आभारी आहे’ म्हणून ज्यांनी प्रार्थना केली, जेवणाचे डबे पोचवले, त्यांची नावे घ्यावीत. लुस्त्र नगरात लोक बर्णबा आणि पौल यांना देव समजून यज्ञ करू लागले, तिथला पुजारी बैल आणि हार घेऊन आला, तेव्हा त्या दोघांनी कपडे फाडून त्यांना थोपवले (प्रेषितांची कृत्ये 14). आपल्याला इतके करावे लागत नाही. शाल आणि हार नको, हे पाळकांना आदल्या दिवशी सांगून ठेवले की भागते. उपकारस्तुतीचे दान पाकिटात घालून द्यावे आणि रक्कम साक्षीत आणू नये.

गर्व होईल या भीतीने गप्प बसणे मात्र बरे नव्हे. लूक 17 मधल्या दहा कुष्ठरोग्यांपैकी एकच परतला, तो मोठ्याने देवाचे गौरव करीत आला, आणि बाकीचे नऊ कुठे आहेत, असे येशूने विचारले.

तीच साक्ष दुसऱ्या मंडळीत देण्याचे बोलावणे आले तर पहिला कागद काढून पाहावा. सांगता सांगता हकिगतीला धार येते, तापाचा आकडा चढतो, एका रात्रीच्या तीन होतात. मूळ कागदावर नसलेले जे काही शिरले असेल ते निघण्यापूर्वीच गाळावे.